पाणथळीवरचा कानसेन

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणायचे आणि तोही ते नाव पदवीसारखं मिरवायचा. त्याची नोकरीच ऐकण्याची होती. पहाटे शहराबाहेरच्या पाणथळीत जायचं, ठरलेल्या खुंटांपाशी उभं राहायचं आणि पाणकणसांच्या दाटीतून जो जो पक्षी बोलेल तो मोजायचा. त्या दाटीत पक्षी सहसा दिसत नाहीत, त्यामुळे सगळा भरवसा कानांवर. कोणते पक्षी वाढले, कोणते घटले हे त्याच्या मोजणीवरून कळायचं, आणि त्यावरून कोणती जागा राखायची नि कोणती सोडायची ते वरचे लोक ठरवायचे.

या कामाचा एक नियम होता आणि तो त्यानंच भांडून करून घेतला होता. मोजणारा माणूस बदलायचा नाही. एकाचे कान तिखट, दुसऱ्याचे मंद. यंदा हा, पुढच्या वर्षी तो, असं झालं तर पक्षी कमी झाले की नुसता माणूस बदलला, हे कळणार कसं? म्हणून तीच जागा, तीच वेळ, तोच माणूस. नव्या लोकांना हे समजावताना त्याची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. तरुणपणी तो त्या पाणथळीवर गेला तो निवृत्ती जवळ आली तरी तिथंच होता. दुसऱ्या कुणाला त्यानं तिथं मोजायला येऊच दिलं नाही.

त्याचा लाडका पक्षी म्हणजे सुई. मुठीत मावेल एवढा, मातकट, आला गेला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही असा. खरं नाव लांबलचक होतं. सुई हे नाव त्यानं आणि त्याच्या मित्रानं, लांब्यानं, ठेवलेलं, कारण आवाज तितका बारीक. लांब्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पाणथळीवर मोजायचा. दोघं बरोबरच नोकरीला लागले होते आणि एकाच माणसाच्या हाताखाली ऐकायला शिकले होते. सुई फार थोड्या ठिकाणी उरली होती, आणि ती होती म्हणूनच या दोन्ही पाणथळींना हात लावायची बंदी होती.

मग सुई कमी होऊ लागली. आधी थोडी, मग भराभर, आणि एका वर्षी मोजणीत शून्य आलं. शून्य लिहिलं त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. घरातलं माणूस गेल्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा शून्य, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. सुई संपली असं ठरलं. पाणथळीत भराव टाकून गोदामं बांधायचा प्रस्ताव आला, आणि त्यावर सोमवारी शेवटची सही व्हायची होती.

आदल्या दिवशी, रविवारी पहाटे, तो बायकोला घेऊन पाणथळीवर गेला. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. मोजणीच्या वेळी सोबत कुणी नको, हाही त्याचाच नियम. आता मोजायचं काही उरलं नव्हतं. ज्या चिखलानं तुझ्या संसाराच्या निम्म्या सकाळी खाल्ल्या तो बुजायच्या आधी एकदा बघून तरी घे, असं तो म्हणाला. तीही सवत बघायला निघाल्यासारखी चांगली साडी नेसून निघाली आणि तिथं पोचल्यावर चपलांची काळजी करत राहिली.

दुसऱ्या खुंटापाशी ती थबकली.

"हे काय वाजतंय हो?"

पाणकोंबडी असेल, तो म्हणाला. पाणकोंबडीचा घोगरा आवाज तिनं मघाशीच ऐकला होता, तेव्हा तिला ते पटेना. हे बारीक होतं, न थांबणारं, शिलाई मशीनला तेल कमी पडल्यासारखं. बायको आपली थट्टा करतेय असं त्याला वाटलं. तिनं बोट दाखवलं तिकडं त्यानं दुर्बीण लावली, तीही तिची समजूत काढायला म्हणून.

पाणकणसाच्या देठावर सुई बसली होती. चोच उघडी, गळा थरथरतोय, इवलंसं अंग गाण्यानं हलतंय. आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. वारा ऐकू येत होता, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक येत होता, कावळा येत होता. त्यानं दुर्बीण खाली करून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा लावली. चोच अजून उघडीच होती.

"अजून वाजतंय?" त्यानं विचारलं.

"वाजतंय की. तिकडून आणखी एक. तुम्हाला खरंच येत नाही ऐकू?"

तो होता तिथं, चिखलातच, मटकन बसला. ती घाबरून त्याचा दंड धरून उठवू लागली, पण तो दगडासारखा जड झाला होता. मग तिच्या तोंडून हळूच निघालं, की कपडे धुवायचं मशीन धुणं संपलं की पीं पीं करत राहतं आणि तो शेजारी बसून कधी उठत नाही. आजवर ती त्याला आळशी समजत आली होती, त्यावरून घालूनपाडून बोललीही होती. हे कधीपासून, त्यानं विचारलं. मशीन घेतलं तेव्हापासूनच, ती म्हणाली. मशीन घरात आलं त्याच सुमारास सुई कमी व्हायला लागली होती. वय झालं की कानांतून आधी बारीक आवाजच जातात; माणूस बदलायचा नाही म्हणून आयुष्यभर भांडलेला हा गृहस्थ स्वतः बदलला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. खात्याच्या मुख्य बाई आल्या तसं त्यानं सगळं सांगून टाकलं. आता चांगलीच खरडपट्टी निघणार, या तयारीनं तो मान खाली घालून उभा राहिला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सहीचे कागद बाजूला सारले, नव्या माणसांकडून आणि आवाज टिपणाऱ्या यंत्रांकडून पुन्हा मोजणी करू असं म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणथळ वाचली होती. त्याला धीर द्यावा म्हणून त्या आणखी बोलल्या.

"सगळं स्वतःवर घेऊ नका. तुमच्या एकट्याच्या शून्यावर आम्ही थोडंच विसंबणार होतो? दुसऱ्या पाणथळीवरूनही शून्यच आलं, म्हणून तर खात्री पटली."

दुसऱ्या पाणथळीवर लांब्या होता. लांब्या त्याच्याच वयाचा, किंबहुना थोडा मोठाच, आता निवृत्त होऊन घरी बसलेला. त्याचं शून्य आधी आलं होतं, म्हणून तिथला निर्णयही आधी झाला. आता तिथं काँक्रीट होतं आणि त्यावर रांगेनं ट्रक उभे असायचे. बोलता बोलता बाईंच्याही ते ध्यानात आलं.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तो थेट लांब्याच्या घरी गेला. टीव्हीचा आवाज जिन्यातच ऐकू येत होता. सुनेनं दार उघडलं आणि ओशाळून म्हणाली, बाबांना हल्ली कमी आवाजात करमत नाही. लांब्या खूश झाला, खुर्ची ओढून त्यानं मित्राला जवळ बसवलं. कानसेननं फरशीकडे बघत, खालच्या आवाजात, एका दमात सांगून टाकलं. सुई आहे. माझे कान गेलेत. तुझेही तेव्हाच गेले असणार. तुझ्या पाणथळीतही ती होती, भराव पडत होता तेव्हाही गात असणार.

मान वर करून त्यानं पाहिलं. लांब्या हसतमुखानं त्याच्याकडे बघत होता, तळहात कानामागं धरून.

"काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल ना."

सुनेनं टीव्ही बंद केला. घर एकदम शांत झालं. मग कानसेननं तेच सगळं, पहिल्या शब्दापासून, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं.