हात न पोहोचणारी जागा

पद्माकर देवस्थळी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांची बायको सुनीती गेली. त्यानंतर अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत त्यांना खाज सुटली. आधी तळहातांना, मग तळपायांना, मग सगळ्या अंगाला. पाठीच्या मधोमध हात पोहोचेना. दाराच्या चौकटीला पाठ घासताना त्यांना सुनीतीची फार आठवण यायची. आंघोळीआधी ती पाठीला तेल चोळायची. "अहो, हलू नका," म्हणायची.

डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला. रेखा कार्डिफला नर्स होती. ती ट्रेन पकडून आली आणि त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. पित्तनलिकेत खडा अडकला होता. तो काढायला पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली.

"पण खड्याने खाज कशी सुटते?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"बाबा, रस्ता बंद झाली आहे," रेखा म्हणाली. इथेच जन्मलेली ती, तिचं मराठी असंच. "लिव्हर बाइल बनवतो, पण ते खाली आतड्यात जात नाही. मग त्यातले ॲसिड्स ब्लडमध्ये येतात. लिव्हर त्यांना सल्फेट जोडतो, म्हणजे ते पाण्यात नीट विरघळतात आणि किडनी त्यांना यूरिनमधून बाहेर टाकते. पण सगळे नाही जात. खाज त्यांच्यामुळेच की अजून कशामुळे, ते डॉक्टरांना पण नक्की माहीत नाही."

"म्हणजे किडन्या ओव्हरटाइम करताहेत."

"हो. जमेल तेवढं. शर्ट काढा आता."

तिने कॅलामाइनची बाटली उघडली होती. मुलीसमोर उघडं बसायचं त्यांना अवघड वाटलं. पण तिचा गार हात पाठीवर टेकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झोंबतं?"

"नाही. तुझी आई..." लोशन वाळलं तरी रेखाचा हात पाठीवरून फिरत होता.

खडा निघाला. हळूहळू डोळे निवळले, खाज गेली. रेखाची रजाही संपली. तिला स्टेशनवर सोडून आल्यावर ते कोट न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. अंगाला आता काहीच होत नव्हतं, पण घर फार गप्प वाटत होतं. सुनीती असती तर एव्हाना तिने चहा ठेवला असता.

शनिवारी त्यांनी कार्डिफचं तिकीट काढलं. दार उघडताच रेखा घाबरली. "परत खाज येते?"

"नाही गं," ते म्हणाले. "तुला भेटावंसं वाटलं."