म्हाताऱ्या केलेल्या बारा मूर्ती

आमच्या अंगणातली मूर्ती नेहमी नवी असायची. बाबा बुद्धमूर्ती घडवायचे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत, घरापुढच्या पत्र्याच्या छपराखाली, त्यांचे साचे, घमेली आणि रंगाचे डबे असत. मूर्तीला पांढरा ऑइलपेंट, चीवराला पिवळा, ओठांना किंचित गुलाबी. मौद्याकडून, सावनेरकडून माणसं येत आणि मूर्ती सतरंजीत गुंडाळून एसटीने घेऊन जात. "दुरून चमकली पाहिजे," एवढीच त्यांची अट असे. ह्यात मला कधी काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे बुद्ध नवेच आले होते. आमच्या घरातली मूर्ती माझ्या थोरल्या भावापेक्षा दोन वर्षांनी लहान होती.

मूर्ती गुंडाळायला बाबा छापखान्यातून बिघडलेली पत्रकं आणायचे, गठ्ठ्यांनी. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. सभा, मोर्चा, आवाहन, धिक्कार. शाळेच्या पुस्तकातलं कमळ आणि बदक मला त्यापुढे फार मिळमिळीत वाटे. भाजीत मीठ जास्त झालं तर मी निषेध नोंदवत असे, आणि आई म्हणे, "नोंदवला ना? मंग जेव आता."

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची, म्हणजे सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सदर भागातल्या, शोभेच्या वस्तूंच्या एका दुकानदाराने बाबांना बोलावलं. त्याला बुद्धाची बारा मस्तकं हवी होती. फक्त मस्तकं, गळ्यापासून वरची, आणि जुनाट. त्याने मासिकातलं एक चित्र दाखवलं: दगडी चेहरा, काळपट, कान तुटलेला, नाक फुटलेलं. मोठ्या बंगल्यांतल्या बैठकीत आता हे ठेवतात म्हणे.

बाबांनी चित्र घरी आणलं आणि चार दिवस नुसतं पाहत बसले. मग त्यांनी सिमेंटमध्ये दगडाची भुकटी मिसळून मस्तकं ओतली, आतून पोकळ, खाली गळ्याच्या तोंडाशी शेवटी लाकडी फळी बसवायची. त्यांच्यावर आंबट ताक फासून मोरीजवळ ओल्यात ठेवली, तेव्हा कानांमागे हिरवट शेवाळ धरलं. मग चहाचं उकळलेलं पाणी, त्यात काजळी आणि गेरू. ते चोपडायचं आणि लगेच फडक्याने पुसायचं. उंचवट्यावरचं निघून येतं, खाचेतलं राहतं. कपाळ उजळ, केसांच्या वळ्यांत काळोख.

"जुनं कराले शंभर वर्षं नाही लागत," बाबा मला म्हणाले, "लोकायचा हात कुठं लागते अन् कुठं नाही लागत, तेवढं समजलं पाहिजे."

ते खुशीत होते. तेच मला सहन होईना.

"बाबा, आपल्या मूर्तीले तुम्ही म्हातारं करून राहिले! लोक आपल्याले म्हणतात तुमचा धर्म कालचा, अन् तुम्ही बंगलेवाल्यासाठी खोटं जुनं बनवता?"

"मूर्तीले काय झालं वं? चेहरा तोच हाय ना?"

"हे मस्तक हाय, मूर्ती नाही. कापलेलं मस्तक!"

बाबांनी फडकं पिळलं. "दुकानदार म्हणे नाक फोडा. म्या म्हटलं, माह्या हातानं नाक नाही फुटणार. कानाच्या कोन्याचा टवका काढून देतो, पाहिजे तर घे. हे तुले नाही दिसलं?"

मला नाही दिसलं. माझ्या कानात पत्रकांची भाषा घुमत होती, आणि तिच्यात टवका आणि नाक यांच्यातल्या फरकाला जागा नव्हती. शेजारच्या मावशीने तर माझ्याही पुढची मजल मारली. अंगणात ओळीने ठेवलेली काळी मस्तकं पाहून ती म्हणाली, "काय वं, कारागिराच्या घरी अशी कळकट मूर्ती?" आणि बाबा बाहेर गेलेले पाहून बादली आणून, राख लावून, एक मस्तक लखलखीत घासून काढलं. बाबांना ते पुन्हा म्हातारं करावं लागलं.

मी माझ्या पद्धतीने लढले. कार्बन घालून बारा कागद लिहिले: "ही मूर्ती नवी आहे. यंदा नागपुरात एका कारागिराने घडवली. ती जुनी म्हणून विकणारा खोटारडा आहे." खाली सही: कारागिराची मुलगी. बाबा फळ्या बसवणार होते, त्याच्या आधी प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला मी खळीने एकेक कागद चिकटवला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगितलं नाही. सायकलरिक्षातून मस्तकं सदरला गेली तेव्हा मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मात्र जेवताना एकाएकी ध्यानात आलं, की खोटारडा कोण हे मी कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं. दुकानदार? की ज्याने चहा आणि काजळी लावली तो?

महिन्याभराने, सकाळी दहाच्या सुमारास, एक शिपाई अंगणात उभा राहिला. "ठाण्यावर चला. मूर्तीबद्दल आहे."

वस्ती दारादारांत उभी राहिली. बाबांनी हात धुतले, धुतलेला सदरा घातला. मला म्हणाले, "तू चाल. लिहापढाचं तू पाहशीन." मी सायकलवर मागे बसले. मला वाटलं, एक फळी निघाली, कुणीतरी वाचलं, तक्रार झाली. आणि आता ज्या माणसाकडून अख्खा जिल्हा मूर्ती नेतो, त्याला त्याची मुलगी लेखी खोटारडा म्हणते हे सरकारी कागदावर येणार.

ठाण्यात दुकानदार घाम पुसत बसला होता. टेबलावर आमचं एक मस्तक. घडलं होतं वेगळंच. त्या दिवसांत गावोगावच्या देवळांतून जुन्या मूर्ती चोरीला जात होत्या. परगावचे एक पाहुणे दुकानातून हे मस्तक घेऊन गाडीत बसणार, तेवढ्यात स्टेशनवर त्यांची पेटी उघडली गेली, आणि पोलिसांना वाटलं, घबाड सापडलं! पाहुण्यांनी दुकानाचं नाव सांगितलं, दुकानदाराने बाबांचं. ते बिचारे पाहुणे बाहेरच्या बाकावर पेटीला हात लावून बसले होते.

"बिलावर नवा माल लिहिलंय," ठाणेदार म्हणाले. "पण बिल काय, कोणीही लिहील. हे शेवाळ बघा. हे नवं?"

"ताकाचं हाय जी," बाबा म्हणाले.

"ताकाचं?" ठाणेदारांनी मस्तकाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खालची फळी काढा. आतून ताजं सिमेंट दिसन."

"नको," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे वळले. "म्हणजे... फुटेल."

"नाही फुटत. म्याच बसवली," बाबा म्हणाले आणि पेचकस मागून स्वतः फळी उचकटली.

कागद जरा बुरसला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. ठाणेदारांनी तो बाबांपुढे धरला. बाबा हळू वाचत, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. "वाच वं."

मी वाचलं. ही मूर्ती नवी आहे. यंदा नागपुरात एका कारागिराने घडवली. आणि थांबले.

"पुढं?" बाबा म्हणाले.

"ती जुनी म्हणून विकणारा..." मी बाबांकडे न पाहता पुढचं वाचलं. "खोटारडा आहे."

ठाणेदार खुर्चीत मागे रेलून इतके हसले की दाराशी उभा शिपाई आत डोकावला. "अहो, यापेक्षा चांगला पुरावा मी नोकरीत पाहिला नाही! चोर असं लिहून ठेवतो का?" दुकानदार उठून उभाच राहिला. "बेटी, मैं तो नया बोलके ही बेचता हूं! पुराना बेचा तो अंदर जाऊंगा ना मैं! सबमें डालो ये, हरएक में!"

बाहेरच्या पाहुण्यांना बोलावून मस्तक परत दिलं गेलं. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. ज्या कागदाने मी बाबांना बुडवणार होते, त्यानेच ते ठाण्यातून चालत बाहेर आले.

परतताना पुलाच्या चढावर बाबा सायकलवरून उतरले, मी मागून कॅरिअरला हात लावून ढकलू लागले. अर्ध्या चढावर ते म्हणाले, "खोटारडा लिहिलं, ते ठीक. तुले राग होता. पण 'एका कारागिराने' काहून लिहिलं वं? ठाणेदारानं मले इचारलं, कोण कारागीर? मले सांगा लागलं, मी. तुह्या कागदात माहं नावच नाही."

इतकी पत्रकं मी वाचली होती, प्रत्येकाखाली नावांची रांग असायची, आणि बापाचं नाव लिहायचं मला सुचलं नव्हतं.

"पुढच्या खेपेले लिहीन," मी म्हणाले.

"पुढच्या खेपेले मीच लिहितो." आणि मग त्यांनाही हसू आलं. "ताकाचा वास घेतला त्यानं, पाहिलं काय तू?" चढ संपेपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

दुकानदाराने पुन्हा आठ मस्तकं सांगितली. नाकं शाबूत. मला अजूनही म्हातारी केलेली मूर्ती आवडत नाही, आणि ते मी बाबांना पुन्हा एकदा ऐकवलं. ते "नोंदवला ना निषेध?" म्हणाले आणि काम करत राहिले. मस्तकं ओतल्यावर त्यांनी गळ्याच्या आतल्या ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं, सावकाश, जीभ दातांत धरून. त्याच्याखाली येणाऱ्या फळीवर मी माझा कागद चिकटवला. त्यात आता पहिलं वाक्य तेवढंच होतं: "ही मूर्ती नवी आहे."