आक्काच्या गाडीचं तेल

गाडीवर जीव टाकणारे पुष्कळ सापडतील. पण गाडीच्या पोटातल्या तेलाची तब्येत रोज चहाच्या आधी विचारणारा माणूस मी उभ्या मराठवाड्यात एकच पाहिला, आणि तो थोरला साडू म्हणून माझ्याच वाट्याला आला. नांदेडला पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात त्यांची सगळी नोकरी पाणी गाळण्यात गेली. त्यामुळे जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तुंबलेल्या गाळणीत असतं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. कुणाकडे चहाला गेले की ते आधी गाळणी बघायला मागत. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याची गाळणी नापास केली आणि अख्खं वऱ्हाड अर्धा तास चहावाचून बसलं. माझ्या वडिलांनी ते शेवटपर्यंत मनात ठेवलं.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी बिनक्लचची गाडी घेतली. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, कंधारच्या शाळेत शिकवायची. एका अपघातानंतर तिचा डावा पाय अधू झालेला, आणि रोज नांदेडच्या स्टँडवर बसची वाट बघत ती त्याच पायावर उभी असायची. ही गाडी एका उजव्या पायावर चालते हे कळल्यावर साडूंनी दुसरा विचार केला नाही. हिच्यात गिअरचे दाते नसतात. दोन पुल्या, त्यांच्यावर एक पोलादी पट्टा, आणि तो पट्टा घसरू नये म्हणून खास त्याच्यासाठी केलेलं तेल. शोरूममधल्या पोरानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. साडूंनी शांतपणे विचारलं, "कुणाच्या आयुष्यभर? गाडीच्या, तुझ्या का माझ्या?" पोरगा साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला, तो परत आलाच नाही.

तेव्हापासून त्या तेलाला घरच्या माणसाचा मान मिळाला. सकाळी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी ओढायची, थेंब पांढऱ्या कागदावर टिपायचा, बोटांत चोळायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. हिरवं असेल तर ठीक; जरा तपकिरीकडे झुकलं की दिवसभर चेहरा पडलेला. एकदा गाडीतून काढलेलं जुनं तेल त्यांनी आक्काच्या चक्का टांगायच्या फडक्यातून गाळलं आणि त्यात चमकणारी पोलादाची कणी तिला कौतुकानं दाखवायला नेली. आक्का दोन दिवस बोलली नाही, आणि त्या साली त्या घरात श्रीखंड झालं नाही. या गाडीला फिल्टर दोन असतात. एक खालच्या तबकात, आणि दुसरा बाजूला लपलेला, कागदी, एवढासा. पहिला बदलून दुसरा विसरणारा मेकॅनिक त्यांना माणसातून उठलेला वाटे. म्हणून ते जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात स्टूल टाकून बसत आणि दुसरा जुना फिल्टर हातात पडल्याशिवाय उठत नसत. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात; हे पान्यांच्या शेजारी तो काळवंडलेला फिल्टर ठेवून त्याला हळदकुंकू वाहत. मी हसलो तर म्हणाले, "ज्यानं सालभर घाण खाल्ली, त्याला एक फूल न्हाई का द्यायचं, पाव्हणं?"

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मदतीला म्हणून मी लातूरहून गेलो आणि नेमकं तेव्हाच तेल बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांचा नेहमीचा मेकॅनिक अर्धापूरला लग्नाला गेलेला. मी वाटेतल्या दुसऱ्याच गॅरेजात गाडी घातली. तिथला माणूस म्हणाला, ऑटोमॅटिकचं तेल सगळं सारखंच. आणि मी आपली मान डोलावली. संध्याकाळी अंधार पडल्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले साडू भिंत धरून गाडीपाशी आले. वाकायची मनाई होती, म्हणून तेलाची पट्टी मला ओढायला लावली. थेंब बोटावर घेतला, चोळला आणि हुंगला.

"पाव्हणं, हे आपलं तेल न्हाई."

मी शपथा घेतल्या. आक्का चिडली. दुसऱ्या दिवशी दहावीचा पहिला पेपर, ती केंद्रप्रमुख, तिला उजाडायच्या आत निघायचं होतं. साडूंनी किल्ली बंडीच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसले. आक्का नाही नाही ते बोलली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी चुकलो तर मला येडं म्हणा. पण ही मधेच बंद पडली तर ती त्या पायावर रानात कुठवर उभी ऱ्हाईल?"

मी गॅरेजला फोन लावला. साध्या ऑटोमॅटिकचं लाल तेल घातलं होतं. पट्टा त्यावर आज ना उद्या घसरलाच असता. आक्काला सकाळी मी माझ्या गाडीनं कंधारला सोडलं. एका वेळी निम्मंच तेल निघतं, म्हणून नंतर त्यांच्या मेकॅनिकनं तीनदा ओतून तीनदा भरलं आणि साडू एका डोळ्यानं पहारा देत बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली.

मागच्या वर्षी साडू गेले. तापाचं निमित्त झालं.

यंदा आक्का निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला मी तिच्याबरोबर कंधारला गेलो होतो. परतताना, दोन्हीकडे नुसतं सोयाबीन अशा ठिकाणी तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. काही बिघडलं का म्हणून मी विचारलं. ती समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.

"काही न्हाई बिघडलं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा बी बिघडली न्हाई. एकदा तरी बंद पडायची होती हो. हे आले असते न्यायला."

गाडी चांगली होती, तरी आम्ही बराच वेळ तिथंच बसून राहिलो.