अदम पैरवी

“म्हणजे मी हरले नव्हते?” सुनीताताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी इंदूरच्या कोर्टात वकिली करते आणि बाकीच्या वेळात कायद्याची पत्रकं वाटते. असंच एक पत्रक घेऊन त्या आल्या होत्या. बालवाडीच्या शिक्षिका, नवऱ्यापासून वेगळ्या. मुलगा देपालपुरला सासू-सासऱ्यांकडे. महिन्यातून दोनदा भेट मिळावी, एवढाच त्यांचा अर्ज होता. दोन वर्षांपूर्वीचा आदेश त्यांनी पिशवीतून काढला. एकच ओळ: ‘अदम पैरवी में खारिज.’

अदम म्हणजे अभाव. पैरवी म्हणजे केसच्या मागे चालणं, पाठपुरावा. अर्थ इतकाच, की पुकारा झाला तेव्हा कुणी हजर नव्हतं, म्हणून अर्ज फेटाळला. मुलाला भेटू नका, असं कोर्टाने कुठेच म्हटलेलं नव्हतं.

“पण मी तर तिथेच होते! वकीलसाहेब बोलले, शेडमध्ये बसा, मुंशी बोलवायला येईल.”

पुकारा कोर्टरूमच्या दारात होतो. चपराशी नाव घेतो आणि आत जातो. वकिलांच्या शेडपर्यंत आवाज पोचत नाही. मुंशी, म्हणजे वकिलाचा कारकून, आलाच नाही. संध्याकाळी वकील म्हणाले, “खारिज हो गया.” बस, इतकंच.

“मग दोन वर्षांत एकदाही गेला नाहीत?”

“कशी जाणार? कोर्टानेच मना केलं ना.” त्या खाली बघू लागल्या. “रविवारी देपालपुरच्या बसमध्ये बसायचे. स्टँडवर उतरून चहा घ्यायचे. मग परतीची बस.”

माझं डोकं फिरलं. केस पुन्हा सुरू करायचा अर्ज मी चार पानी लिहिला. जनतेची भाषा, दरबारी शब्द, वकिलांची मुजोरी, सगळं त्यात घातलं. सरांनी, म्हणजे माझ्या सीनियरनी, तीन पानं काढून टाकली.

“पेंडसे मॅडम, भाषण चौकात द्या. इथे फक्त ताईंना काय वाटलं ते लिहा.”

“पण सर, चूक त्या वकिलाची आहे!”

“आहे. तुला वकील पाडायचा आहे, की मुलगा भेटवायचा आहे?”

मी उरलेलं एक पान टाइप केलं. खरं तर ‘अदम’चा अर्थ मलाही कॉलेज सुटल्यावर डिक्शनरीत बघावा लागला होता.

सुनावणीत समोरचे वकील म्हणाले, “पढ़ी-लिखी हैं, टीचर हैं. दो साल की देरी!”

जजसाहेबांनी थेट ताईंना विचारलं, “दो साल कहाँ थीं आप?”

“साहब, मैं समझी आपने मना किया है. आपकी बात मानी.”

जजसाहेबांनी जुना आदेश उलटून पाहिला. मग देरी माफ केली. केस मूळ नंबरवर पुन्हा सुरू झाली आणि महिन्याभरात भेटीचा आदेश झाला. दर दुसरा रविवार, दोन तास.

पहिल्या भेटीला मी सोबत होते. मुलगा आता आठ वर्षांचा, आजोबांच्या घरी हिंदीतच वाढलेला. ताई म्हणाल्या, “किती उंच झालास रे! जेवलास का?”

त्याने आजोबांकडे पाहिलं. “क्या बोल रही हैं?”

ताईंनी पदर सावरला. “खाना खाया, बेटा?”

“हाँ.”

केस बहाल होते, म्हणजे पुन्हा सुरू होते. दोन वर्षं बहाल करायचा अर्ज कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून आदेश हातात पडला की त्याच दिवशी वकिलाला विचारा: मला मनाई कुठे लिहिलीये? बोट ठेवून दाखवा. बोट ठेवता आलं नाही, तर सरळ मुलाकडे जा.