गारांनी मारलं

मी तशी तोंडाची फटकळ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळी भावकी हेच म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. मनात आलं की बोलून मोकळी. मग ही एक गोष्ट बोलायला मला महिना का लागला, याचं माझं मलाच नवल वाटतं. नवल कसलं, लाज वाटते.

आमचं घर टेंभुर्णीच्या अलीकडे, गावाबाहेर शेतात. मालक जालन्याला कंपनीत, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणार. लेक तिथंच कॉलेजला. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामांची मेंढरं होती पूर्वी, मोठा कळप होता. दुष्काळात चारा मिळेना तसा तो कमी कमी होत संपला. अलीकडं दावणीला तीन शेळ्या उरल्या होत्या, आणि एक कुत्रा. कळप राखणाऱ्या कुत्र्यांच्या पोटचा हा शेवटचा. तांबडा, एका कानाला चिरा गेलेला. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. मामा जिभेनं "यू यू" करायचे आणि मी "हाड" म्हणायचे. तो दोन्हींना बरोबर ओळखायचा.

माझं आणि त्याचं कधी पटलं नाही. मी सकाळी कंबर मोडून अंगण सारवावं आणि या महाराजांनी ओढ्यातून चिखलाचे पाय घेऊन नेमकं त्यावरूनच यावं. टोपल्यातली भाकरी तर त्यानं इतक्या वेळा पळवली की मोजायचं सोडून दिलं. मी ओरडले की मामा गालात हसायचे. "अगं त्याला बी भूक लागती की. तू दोन भाकरी जास्ती थाप." मी म्हणायचे, "मामा, तुम्हाला सुनेपेक्षा कुत्रं जास्त." ते म्हणायचे, "त्यो उलटून बोलत न्हाई." घ्या!

तो पौष महिना होता. चार दिवसांपासून ढग आणि बोचरी थंडी. गहू ओंबीवर आलेला, हरभरा घाट्यांनी भरलेला. त्या दिवशी दुपारी मामा शेळ्या घेऊन बांधाकडं गेले होते. जेवणं होऊन मी भांडी घासत बसले होते. आभाळ एकदम असं काळवंडलं की मला वाटलं, संध्याकाळच झाली. मग पत्र्यावर एक टपोरी गार पडली. मग दुसरी. आणि मग जे सुरू झालं, देवा रे! पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज.

मामा दोन शेळ्या ओढत गोठ्यात शिरले, मागोमाग कुत्रा. तिसरी बुजून मागं राहिली होती. ते गोठ्याच्या दारातून कुत्र्याला ओरडले, "जा, घेऊन ये तिला!" आणि तो गेला. गारा एवढाल्या पडत होत्या, तरी एका शब्दावर गेला. मी हे स्वैपाकघराच्या दारातून पाहिलं. मनात म्हटलंसुद्धा, म्हाताऱ्याला काही कळतं का, मुक्या जिवाला कशाला धाडतात.

आमच्याकडं गारा थांबवायची एक रीत आहे. घरातला तवा उलटा करून अंगणात भिरकावायचा. मामा म्हणतात, तव्याचं काळं तोंड पाहिलं की आभाळ शरमतं. मी बारावी शिकलेली. मला हे पटायचं नाही, पण वाद कोण घालणार? शेळ्या बांधता बांधता मामांनी गोठ्याच्या आतून आवाज दिला, "तवा फेक गं माय, तवा फेक!" मी नुकताच घासून भिंतीला टेकवलेला बिडाचा तवा उचलला. तो केवढा जड असतो ते ज्या बायांनी उचललाय त्यांना सांगायला नको. समोर माझा गहू झोपत होता. मला आभाळाचा असा संताप आला होता की मी डोळे मिटले, तोंडात आली ती शिवी दिली आणि दोन्ही हातांनी होती नव्हती तेवढी ताकद लावून तवा फेकला.

डोळे उघडले तेव्हा शेळी माझ्या अंगावरून आत घुसत होती. तिच्यामागं कुत्रा पडला होता. तवा त्याच्या कमरेत बसला होता.

तो एकदाच ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, आणि देव करो, पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायला न मिळो. मी डोक्यावर घमेलं धरून बाहेर पळाले, त्याला पुढच्या पायांना धरून ओढत ओढत आत आणलं. मागचे पाय नुसते घसटत आले. गारा दहा-पंधरा मिनिटांनी थांबल्या. तव्यानं थांबल्या की आपल्याआप, देवाला ठाऊक.

बाहेर सगळं पांढरं झालं होतं. अंगण, ओटा, गोठ्याचा पत्रा, खाली गव्हाचं वावर. टीव्हीत काश्मीर दाखवतात तसं. मामा त्या गारांतून पाय रोवत रोवत आले, चुलीपुढं पडलेल्या कुत्र्याला पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

"गारांनी मारलं का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हूं."

झालं. एवढंच. एका हुंकाराचं खोटं. पुढच्या क्षणी खरं सांगायचं असं ठरवलंच होतं मी. पण तेवढ्यात मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्याच धाडलं त्याला. घरात आल्ता बिचारा, म्या पुन्हा बाहीर धाडलं." आणि माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

पुढचे तीन दिवस आम्ही तिघं घरातून हललो नाही. रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या होत्या, लाईट गेलेली. जनावराच्या डॉक्टरला फोन लावला, ते म्हणाले, रस्ता मोकळा झाला की येतो. ऊन पडतच नव्हतं, त्यामुळं भिंतीच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड गारांचे ढीग तसेच पडून होते आणि त्यांच्यावरून येणारं वारं हाडं फोडत होतं. गॅस असून मी दिवसभर चूल पेटती ठेवली. मामांनी त्यांची घोंगडी चुलीपुढं अंथरली, त्यावर कुत्रा, अलीकडे मी, पलीकडे मामा. चहा उकळायचा, तुरीच्या काड्या सरकवायच्या, पुन्हा चहा.

खोटं कशाला बोलू, ते दिवस उबदार होते. या घरात वीस वर्षं झाली मला, पण मामा आणि मी असे समोरासमोर बसून कधी बोललो नव्हतो. त्या तीन दिवसांत ते किती बोलले! मेंढरं घेऊन पार गोदावरीपर्यंत जायचे ते. थंडीत कुत्र्याला पोटाशी घेऊन झोपायचे ते. सासूबाई बाळंत झाल्या तेव्हा ते दूर रानात होते आणि आठ दिवसांनी पोराचं तोंड पाहिलं ते. मी ऐकत होते आणि हात कुत्र्याच्या अंगावरून फिरवत होते. कोमट तेलात हळद घालून कंबर चोळली. दूध-भाकरी बोटानं कालवून घास घास भरवला. माझी लग्नातली शाल काढून त्याच्यावर घातली. त्याच्याखालचं ओलं दिवसातून चारदा बदललं, नाकसुद्धा मुरडलं नाही. जन्मभर हाड हाड केलेला तो जीव, माझा हात चाटत होता. ज्या हातानं तवा फेकला तोच हात. मला वाटायचं, चावला असता तर बरं झालं असतं.

आणि मामा त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "माफ कर रे लेकरा. म्हाताऱ्याची अक्कल गेल्ती." दिवसातून दहा वेळा. दर वेळी मी म्हणायचे, आता सांगते, हा चहा झाला की सांगते. त्यांचं जेवण तुटलं होतं. अर्धी भाकरी चिवडत बसायचे आणि तीही उचलून कुत्र्यापुढं ठेवायचे. माझ्या एका वाक्यात त्यांच्या उरावरचा धोंडा निघाला असता. पण मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदा "माझी सून" असं फोनवर मालकांना कौतुकानं सांगत होते. "लई सेवा करून राह्यली रे ती. पोटच्या लेकरासारखी." मी शेजारी बसून ऐकत होते. भित्री म्हणा, लबाड म्हणा, काहीही म्हणा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कंबर दाबून पाहिली आणि मणका गेलाय म्हणाले. "गार एवढी मोठी होती?" त्यांनी विचारलं. मामांनी मूठ दाखवली. "येवढी व्हती साहेब. म्या बघितली." मी चुलीत फुंकर घालत राहिले. डॉक्टर सुई देऊन गेले, दुखणं कमी होईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, भिंतीकडेच्या गारांचं पाणी अंगणभर वाहिलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेले तर तो गेलेला होता. मी ओरडून रडले. मामा रडले नाहीत. त्यांनी बांधाशी खड्डा खणला, त्याला घोंगडीसकट आत ठेवलं. शाल परत घे म्हणाले, मी घेतली नाही.

त्यानंतर मामा बसलेच. शेळ्या दुसऱ्याच्या कळपात लावून दिल्या. गारपीट बघायला, विचारपूस करायला कुणी आलं की गव्हाचं बोलायचं सोडून हे कुत्र्याचंच सांगायचे. "म्या धाडलं. घरात आल्ता, म्या धाडलं." येणारे माना डोलवायचे, म्हातारपणी असं व्हायचंच म्हणायचे. मामा वाळत चालले होते. सदरा अंगावर लोंबायला लागला. मालक म्हणाले, जालन्याला नेऊन दाखवू. कशाला दाखवू? दुखणं मला माहीत होतं. औषधही माझ्याजवळच होतं.

महिना झाला असेल. दुपारी मी ओट्यावर सुपात तूर निवडत होते. मावळणीचे, म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान भेटून नुकतेच गेले होते, त्यांनाही मामांनी तेच सगळं सांगितलं होतं. मी सूप बाजूला ठेवलं. म्हणाले, "मामा, गारांनी न्हाई मारलं त्याला. माझा तवा लागला. तुम्ही धाडलं म्हणून न्हाई मेला तो, तो शेळी घेऊन सुखरूप आल्ता. अंगणात आल्ता. म्या डोळे झाकून तवा फेकला."

मामा माझ्याकडं बघत राहिले. आणि हसले. महिन्यात पहिल्यांदा हसले. "लई मायाळू हाये तू पोरी. पण माझं मन राखायला असं खोटं बोलू नको."

"तुमची शप्पथ मामा."

"उगी. कोन बसलं तीन दिवस त्याच्यापाशी? कोन शाल घातली? मला डोळे न्हाईत का?"

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडलेच त्यांच्यावर. म्हटलं, पाप केलं म्हणून बसले, माया होती म्हणून नाही! शेळी कशी अंगावरून गेली, तो कुठं पडला, मागचे पाय कसे घसटत आले, सगळं सांगितलं. तवा मी पायानं गारांत लोटला हेसुद्धा सांगितलं. सांगता सांगता मी हुंदके देऊन रडायला लागले. मामांचं हसू हळूहळू गेलं. त्यांना पटलं, ते मला दिसलं. आता शिव्या देतील, हाकलून देतील, काय करायचं ते करोत, पण सुटतील, असं मला वाटलं. तेवढ्याचसाठी मी बोलले होते.

मामांनी हळूच विचारलं, "वरडला का गं त्यो?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललेच होते की. पण त्या दिवशी मी खरं बोलायचं ठरवून बसले होते.

"हो मामा. एकदा वरडला."

"मोठ्यानं?"

"हो."

मामा गोठ्याकडं बघत राहिले. "म्या तितंच व्हतो," ते म्हणाले. "दहा पावलांवर. मला ऐकू न्हाई आलं."

मी म्हटलं, पत्र्याचा आवाज होता मामा, कुणालाच आलं नसतं. पाय धरले त्यांचे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागाचा एक शब्द बोलले नाहीत. पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतंच.

मामा अजून आहेत. ओट्यावर बसलेले असतात. तव्याचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, मालकांनासुद्धा नाही. "म्या धाडलं" असंही आता म्हणत नाहीत. आलागेला टेकला, कुत्र्याचा विषय निघाला, की एवढंच म्हणतात, "त्यानं मला हाक मारल्ती. मला ऐकू न्हाई आली."