मागच्या कोपऱ्यातला बोल्ट

अप्पांना ट्रक ओळखू येतो आणि मी ओळखू येत नाही, हे आधी बायकोच्या ध्यानात आलं. मी मात्र मानायला तयार नव्हतो. माझा स्वभावच तसा, सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट मला सगळ्यात शेवटी पटते.

रोज सकाळी कॉफी झाली की अप्पा परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे आणि ट्रकमध्ये चढून स्टेअरिंग धरून बसायचे. उमेदीच्या काळात आडुतुरैचं भात त्यांनी याच गाडीने कुंभकोणमला आणलं. आता इंजिन मुकं होतं. हेड गॅस्केट फाटून पाणी तेलात उतरलं होतं, तेल काढलं तर दुधाच्या कॉफीच्या रंगाचं निघालं. अप्पा किल्ली फिरवायचे, काहीच व्हायचं नाही, मग हिरमुसून खाली उतरायचे. मला वाटलं, एकदा इंजिनाचा आवाज कानी पडला की त्यांचं बाकीचंही परत येईल. त्यात मीही असेन. वेडी आशा, पण होती खरी.

आम्ही पिढ्यांपासून तमिळ मुलखात राहणारे मराठी, आमच्या घरची एक रीत आहे. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. परक्यांसमोर आमच्या तोंडून मराठी शब्द निघाला की अप्पा डोळे वटारत. शेड उंबरठ्याबाहेरची, तेव्हा तिथे पोटच्या पोरांनाही तमिळमध्येच हुकूम सुटायचे. अपवाद एकच. गंजलेला बोल्ट अडून बसला की अप्पा त्याच्याशी मराठीत बोलत, तेही किती हळू, तापात निजलेल्या लेकराशी बोलावं तसं. आम्ही भावंडं त्या बोल्टांवर जळायचो.

मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उतरवायला घेतलं. बोल्टांना डिझेल पाजून ठेवलं. शेजारचा पितळी समया करणारा आपला ब्लोटॉर्च घेऊन आला, त्याने हट्टी बोल्ट तापवून दिले. एकेक करत सगळे सुटले, मागच्या कोपऱ्यातला एक तेवढा राहिला. पान्याला पाइप लावून मी अंगाचा सगळा भार टाकला, दोन्ही भाषांमध्ये शिव्या घातल्या. बोल्ट ढिम्म.

अप्पा खुर्चीतून बघत होते. ते उठले, माझ्या हातातून पाना घेतला, पाइप काढून बाजूला ठेवला. आधी बोल्ट किंचित आवळला, मग किंचित सैल केला, पुन्हा आवळला.

"ये रे बाळा," ते पुटपुटले. "कां हट्ट करूलास?"

बोल्ट कुरकुरला आणि फिरला. माझे डोळे भरून आले. मी शेडच्या दारात उभ्या बायकोकडे पाहिलं, बघ, म्हटलं.

मग मला चेव चढला. हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून आणला, नवीन गॅस्केट बसवलं, बोल्ट अप्पांनीच शिकवल्याप्रमाणे मधून कडेकडे, थोडे थोडे आवळत नेले. ताजं तेल ओतलं, पाणी भरलं. एका सकाळी अप्पांना खुर्चीत बसवून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं, आणि मग तोच जुना खडखडाट शेडभर भरला.

अप्पा भरभर चालत आले. बॉनेटवर तळवा टेकवला. "दमलास कां रे बाळा?" म्हणाले आणि हसले. ते हसू किती दिवसांनी पाहिलं. मी खाली उडी टाकली. ते माझ्याकडे वळले आणि अदबीने हात जोडले.

"रोंब नल्ला वेलै, सार," फार छान काम केलंत. "नींग एंद ऊरु?" कुठल्या गावचे तुम्ही?

"अप्पा," मी मराठीतच म्हणालो, "मी. तुमचा थोरला."

ते चकित झाले. जवळ सरकून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून, तमिळमध्येच त्यांनी विचारलं, ही आमच्या घरची भाषा, सार. तुम्हाला कुणी शिकवली?

त्यांना घाबरवायचं नव्हतं. मीही तमिळवर आलो. माझ्या वडिलांनी, म्हणालो.

चांगला माणूस दिसतो, अप्पा म्हणाले. एकदा त्यांना घेऊन या कॉफीला.

आणतो, सार, मी म्हणालो.