एकोणीस सोंगं

इगतपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी आमचं एकोणीस घरांचं गाव होतं. आज तिथे एकही चूल पेटत नाही. सगळ्यांत शेवटी माझे बाबा निघाले, मागच्या उन्हाळ्यात.

आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा व्हायचा. देवादिकांचे मुखवटे लावून संबळाच्या तालावर नाचायचं. एका घराकडे एक सोंग, पिढ्यान्‌पिढ्या तेच. आमच्याकडे भीम. बाबा अंगानं काटकुळे, त्यामुळे ते आले की बायका ओरडायच्या, "भीमा, दोन भाकरी खाऊन ये रं!" बाबा आणखीच जोरात गदा फिरवायचे.

सोंगानं गावाची शीव ओलांडायची नाही, हा नियम. गाव सोडणाऱ्यानं मुखवटा मागे राहणाऱ्याच्या हातात द्यायचा. देणारा विचारणार, "कोन हाय गावात?" घेणारा म्हणणार, "मी हाय."

गावातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. शाळा बंद पडली तशी माणसं पोरांसाठी नाशिक रोडकडे निघाली. रेशनकार्ड तिकडे हलवायचे अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायची. "तुझं अक्षर लय देखनं," म्हणायची. मी खूश होऊन लिहायचो. अठरा घरांचे अर्ज माझ्याच हातचे. प्रत्येक अर्जामागे एक मुखवटा आमच्या घरी यायचा आणि बाबा म्हणायचे, "मी हाय."

मग मीही नोकरीसाठी नाशिक रोडला गेलो, बाबा गावात एकटेच उरले. एका पावसाळ्यात ते ओट्यावरून पडले. दुसऱ्या दिवशी एका गुराख्याला दिसले, म्हणून वाचले. उन्हाळा लागताच मी एकोणिसावा अर्ज लिहून नेला.

बाबांनी तो मला वाचायला लावला. म्हणाले, "आंगठा देतो. आधी भीम कुनाच्या हातात देऊ, ते सांग."

"बाबा, सगळी सोंगं देवळात ठेवू ना."

"आन् इचारू कुनाला? देवळाला?"



बाबांनी खुंटीवरचा मुखवटा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"कोन हाय गावात?"

माझ्या खांद्याला त्यांच्या कपड्यांची पिशवी होती, हातात गाडीची किल्ली.

"मी हाय," मी म्हणालो.

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मुखवटा माझ्या हातात दिला आणि अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.